पँटच्या आतला फोम

२ फेब्रुवारी, रविवार

आजची घटना नोंदवून ठेवणं भाग आहे, कारण पुढे तिला महत्त्व येणार आहे.

जेवताना लेकीने सांगितलं की तिच्या स्केटिंग रिंकचा वार्षिक दिवस १६ मार्चला आहे. त्यात 'जोडीची फेरी' असते. मूल आणि घरातलं एक मोठं माणूस, हातात हात धरून रिंकला एक चक्कर, शेवटी छोटा उतार. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, मामा येतो म्हणालाय.

मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळं येतं. पोहता येतं, डोंगर चढता येतो, गळका नळ दुरुस्त करता येतो. असा एक माणूस प्रत्येक घरात असतो आणि तो नेमका सासरचा असतो.

मी म्हटलं, मामा कशाला? मी कॉलेजात असताना स्केटिंग करायचो.

हे अगदीच खोटं नाही. कॉलेजात असताना मी एकदा मित्राचे स्केट्स धरून उभा होतो, तो बुटांच्या लेस बांधत होता तोवर.

बायकोचा चमचा हवेतच थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कधी कानावर आलं नाही, म्हणाली. मी स्वतःबद्दल फार बोलत नाही, असं मी सांगितलं.

लेकीने मात्र दोनदा विचारलं, खरंच, बाबा? तू? बारा वर्षांची झाल्यापासून ती माझ्याशी वायफाय बंद आहे आणि जाताना दार लाव, एवढंच बोलते. आज ताट उचलल्यावरही टेबलाशी बसून राहिली. तिथल्या तिथे मामाला मेसेज करून टाकला की तू नको येऊस, बाबा येतोय.

संकल्प: १६ मार्चपर्यंत स्केटिंग शिकणे. कोणालाही कळू न देता.

३ फेब्रुवारी, सोमवार. लंच ब्रेक

शांतपणे विचार केला. परिस्थिती उत्तम आहे.

मी काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग विभागाचा प्रमुख आहे. ग्लास, बरण्या, आणि एक फुलदाणी जी आजवर कोणी स्वतःसाठी विकत घेतलेली नाही. या वस्तू पडल्या तरी फुटू नयेत, हे माझं काम. खोका भरायचा, टेबलाच्या उंचीवरून खाली टाकायचा, उघडून बघायचा. याला ड्रॉप टेस्ट म्हणतात. माझ्या हातून गेलेला खोका सहसा परत येत नाही.

आता स्केटिंग शिकणं म्हणजे काय? पडणं. आणि पडणं हा तर माझाच विषय. उभं राहणं ही पुढची गोष्ट आहे, ती ओघाने येईल.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो. गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड. काळे, वर प्लॅस्टिकची वाटी, आणि लावायचे ते कपड्यांच्या वरून. दुकानदार म्हणाला, हा सेट घ्या साहेब, शिकाऊ लोक हाच नेतात.

सेट जागेवर ठेवला. कॉलेजपासून स्केटिंग करणारा माणूस लेकीसमोर शिकाऊ सेट बांधून उभा राहिला तर काय राहिलं?

आणि शिवाय दर्जा सुमार. त्या वाटीखालचा फोम मी बरणीला लावला नसता.

निर्णय: पॅड स्वतः करायचे. आणि पँटच्या आत घालायचे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्वयंपाकघरात पहिली टेस्ट. गुडघ्यांना फोमची शीट गुंडाळली, त्यावर पॅकिंगची टेप, त्यावर पँट. उभ्याउभ्या गुडघ्यांवर पडलो. काहीही लागलं नाही.

आवाज ऐकून बायको आली. खाली काय शोधतोयस, असं तिने विचारलं. चमचा, म्हटलं. तिने ड्रॉवरमधून एक चमचा काढून हातात दिला आणि गेली. मी बराच वेळ चमचा घेऊन तसाच होतो, कारण उठता येत नव्हतं. किरकोळ बाब आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

शिकवणी सुरू. रिंक तोच, पण लेकीची बॅच संध्याकाळी असते, मी सकाळच्या नवशिक्यांत. बॅचमधले बाकी सगळे माझ्या कमरेपर्यंत येतात.

कोच म्हणजे एक तरुण बाई. गळ्यात शिट्टी, छपराखालीही गॉगल, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस थांबावा. मला काका म्हणते. काका, गार्ड कुठेत? असं सगळ्यांदेखत विचारलं. मी जुना खेळाडू आहे, म्हटलं. जुने खेळाडूच आधी बांधतात, म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर हेल्मेट दाबलं. हेल्मेटशिवाय आत सोडणार नाही, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. लेकीला सांगू नका, एवढं मी हळूच सुचवलं. तिने गॉगल वर करून माझ्याकडे पाहिलं, पण कबूल केलं.

आजची प्रगती: कठडा धरून उभा राहिलो. पकड चांगली आहे, असं माझं मत. त्यानंतर पडलो. माल शाबूत.

उठण्याचा प्रश्न मात्र आहे. पॅकिंगचा पहिला नियम असा की माल खोक्यात हलता कामा नये. तो मी इतका काटेकोर पाळला आहे की गुडघा वाकतच नाही. दोन मुलांनी ओढलं, एका मुलीने मागून रेटलं. तिचे पुढचे दात पडलेत. काका वरून बारीक आणि खालून जाड का आहेत, असं तिने कोचला विचारलं. मुलं निरीक्षण फार करतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

माकडहाड. याचा विचारच केला नव्हता.

११ फेब्रुवारी, मंगळवार. उभ्याने लिहितोय

मागच्या बाजूला बबल रॅप. तीन पदरी. आता काळजी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पॅडची अंगाला सवय व्हावी म्हणून आज सगळं बांधूनच कामावर गेलो. साहेबांनी अचानक मीटिंग लावली. मी खुर्चीत बसलो आणि एक फुगा फुटला. साहेब बोलायचे थांबले. मी हललो नाही. ते परत बोलू लागले तेव्हा दुसरा फुटला, मग सावरून बसायला गेलो तर चारपाच एकदम.  साहेबांनी स्वतः उठून खिडकी उघडली.

दुपारनंतर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. एकाग्रतेने काम झालं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कठडा धरून अर्धा रिंक पार केला. बबल रॅपचा परिणाम उत्तम, फक्त पडल्यावर फटफट आवाज येतो आणि तो मुलांना फार आवडतो. शेवटी शेवटी मुद्दाम धक्के देऊ लागली.

सुटल्यावर कोचने बाजूला घेतलं. म्हणाली, काका, तुम्ही आतून काहीतरी भरलंय हे आंधळ्यालाही कळेल. घालायचं तर उघड घाला. पोरं तुमच्याकडे बघतात.

पोरं माझ्याकडे बघतात, हे तिच्याही लक्षात आलं तर.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मेव्हणा आला होता. आल्या आल्या सवयीप्रमाणे माझ्या मांडीवर थाप मारली. थाप परत गेली. त्याने आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्या मांडीकडे. भावोजी, तब्येत कमावलीत, म्हणाला.

जाताना जिन्यात हळूच म्हणाला की रविवारी सकाळी रिंकवर आपण दोघंच जाऊ, मी शिकवतो, कोणाला सांगत नाही. माझ्याकडे जास्तीचे गार्ड आहेत. आणि भावोजी, गुडघे वाकवा, बाकी काही नाही, सगळं गुडघ्यांत आहे.

चांगला मुलगा आहे, पण हेवा वाटणं साहजिक आहे. मी म्हटलं, बघू.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बॅचमधल्या एका मुलाने आज गार्ड बांधायला साफ नकार दिला. काका कुठे घालतात, म्हणाला. त्याची आई माझ्याकडे रोखून बघत होती. मी मान लववून हसलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज लेक आपणहून माझ्या खोलीत आली. दार वाजवून. पलंगाच्या कडेवर बसली आणि स्केटचं चाक फिरवत राहिली. मग म्हणाली, बाबा, तुला कधी भीती वाटायची का? उताराशी आलं की माझ्या पोटात गोळा येतो. कोणाला सांगितलं नाही मी अजून.

हे तिने मला सांगितलं. आईला नाही, मामाला नाही. मला इतकं बरं वाटलं की काही तरी जोरदार सांगणं भाग होतं. म्हटलं, भीती कसली? अगं, एवढं अंगाला बांधून फिरलं की भीती वाटणारच. आम्ही कधी काही घातलं नाही. पडलो तर पडलो. ज्याला येतं त्याला त्याची गरज नसते.

ती अगदी मन लावून ऐकत होती. माझं बोलणं घरात कोणी इतकं ऐकल्याला बराच काळ लोटला. बोलताना मी पाय सरळ समोर ठेवून बसलो होतो, कारण फोम. तिला ती ऐट वाटली असावी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वॉशिंग मशीनमध्ये फोमचा तुकडा निघाला.  बायकोने तो वाळवला, घडी घातली आणि माझ्या कपाटात मोज्यांशेजारी ठेवला. झाकपाक करताना फक्त म्हणाली, तिला खरं काय ते सांगून टाक.

काय खरं? असं मी विचारलं. ती ओटा पुसत राहिली.

१ मार्च, शनिवार

मोठा दिवस! कठडा सोडला. दोन पावलं. मग कठड्याने मला धरलं.

थांबण्याची माझी स्वतःची पद्धत तयार झाली आहे. समोर भिंत येईपर्यंत जायचं. कोच म्हणते याला थांबणं म्हणत नाहीत. भिंतीजवळ गेल्यावर मी पुढे जात नाही, मग याला दुसरं काय म्हणतात ते तिने सांगावं.

५ मार्च, बुधवार

कंबर.

६ मार्च, गुरुवार

कंबर.

८ मार्च, शनिवार

कठडा न धरता पाऊण रिंक! उरलेला पाव बसून. उतार अजून केलेला नाही. उतारावर काही करायचंच नसतं, तो आपोआप नेतो, म्हणून त्याचा सराव मुद्दामच ठेवलेला नाही.

कोच आज गॉगल काढून बोलली. म्हणाली की काका, अजून वेळ गेलेली नाही. मुलीला मामाबरोबर जाऊ द्या, तुम्ही बाहेरून टाळ्या वाजवा, तिला तेवढंही पुरेल. नाहीतर निदान वाकता येईल असं काहीतरी घाला.

या बाईंना माझ्या तयारीचा अंदाज आलेला नाही. तरीही घरी येताना वाटेत एका बाकावर बसलो. बराच वेळ. कंबर होतीच, पण तेवढंच कारण नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

लेकीने वर्गात सगळ्यांना सांगितलं आहे की तिचे बाबा गार्डशिवाय स्केटिंग करतात. एका मैत्रिणीचा विश्वास बसला नाही म्हणून ती मैत्रीणही रविवारी बघायला येणार आहे.

बबल रॅपचे आणखी दोन पदर वाढवले. खबरदारी म्हणून.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळ

शेवटची तयारी. गुडघे, नडग्या, मांड्या, माकडहाड, कंबर, पाठ, कोपरं. मनगटांना पातळ फोम, फुल बाह्यांच्या आत बसेल असा. दोन साइझ मोठी पँट आणली आहे. आरशात बघितलं. भरदार दिसतो.

टेबलावरून स्वतःची ड्रॉप टेस्ट घ्यावी असा विचार होता, पण बायको सारखी खोलीत येत होती.

गुडघे अजून वाकत नाहीत. उपाय: उद्या ते वाकवायचेच नाहीत.

लेक तिचा निळा ड्रेस दाखवायला आली. गोल फिरून दाखवला. म्हणाली, मला वाटलं होतं तू काहीतरी कारण काढशील. मी आताच सांगायला हवं, असं त्या क्षणी वाटलं. तोंडही उघडलं. पण तिला झोप आली होती.

झोप आली नव्हती. साडेसात वाजले होते.

१६ मार्च, रविवार. सकाळ

हवा स्वच्छ. मन स्थिर. पाय जड, पण तो फोम.

१६ मार्च, रविवार. दुपार. हॉस्पिटलचा बाक, मोबाइलवर लिहितोय

बायको डॉक्टरांशी बोलते आहे. मला म्हणाली, तू बस. म्हणून बसलोय.

जसं झालं तसं लिहितो.

आमचा नंबर शेवटचा होता. सुरुवातीच्या रेघेवर लेकीने हात पुढे केला. तिच्या तळहातावर मनगटाच्या गार्डची पट्टी होती, ती मधे येत होती. बाबा, नीट धरताच येत नाही, म्हणाली, आणि दोन्ही गार्ड सोडवून कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या मामाकडे दिले. मामा म्हणाला, बाळा, घाल ते. ती म्हणाली, बाबा पण नाही घालत.

कोच त्या वेळी लांब माइकवर बोलत होती. मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. तुम्ही सांगा, असं बघितलं. मी लेकीला म्हटलं, शाब्बास.

फेरी सुरू झाली. मी ताठ उभा होतो आणि ती मला ओढत होती, पण बाहेरून ते तसं दिसत नसावं, कारण लोक टाळ्या वाजवत होते. ती मैत्रीण उभी राहून बघत होती. लेक एकदा माझ्याकडे वळून हसली. तिचा हात एवढा मोठा कधी झाला ते मला माहीत नव्हतं. तेवढ्या एका फेरीत मी जितका खूश होतो तितका गेल्या कित्येक वर्षांत नव्हतो, हे लिहून ठेवतो.

मग उतार आला. ती वाकली. मी वाकलो नाही.

मी खोक्यासारखा पडलो, सरळ, एका दमात. मागचे सगळे फुगे एकदम फुटले आणि सगळा रिंक हसला. मीही हसलो, कारण मला खरोखर काही झालं नव्हतं. इतकी यशस्वी टेस्ट मी नोकरीत पाहिलेली नाही. हसत हसत तिच्याकडे बघितलं तर ती हसत नव्हती. मी पडताना तिने माझा हात सोडला नव्हता. दुसरा हात जमिनीवर टेकला होता.

उजवं मनगट. हाड मोडलंय.

नर्सने विचारलं, गार्ड नव्हता का? लेक नाही म्हणाली. का, ते सांगितलं नाही तिने. मग नर्स माझ्याकडे वळली. तुम्हीही पडलात ना, गुडघा दाखवा. मला काही झालेलं नाही, म्हटलं. सगळे असंच म्हणतात, म्हणाली, आणि खाली वाकून माझी पँट वर सरकवली.

फोम. पुठ्ठा. फोम. त्यावर आमच्या कारखान्याची छापील टेप. नर्सने ती मोठ्याने वाचली, नाजूक माल, सांभाळून हाताळा. दुसरी नर्स तोंडावर हात धरून बाहेर पळाली. पहिलीने दुसऱ्या पायाचीही पँट वर केली आणि मग हळूच खाली सोडली.

लेक पलंगावरून बघत होती. मला वाटलं हसेल. हसावं असं फार वाटत होतं. ती माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, बाबा, मग मला का नाही बांधलंस?

मी पँट वर करून टेप सोडवू लागलो. ती माझ्या हातची होती, सुटली नाही.

१७ मार्च, सोमवार. सकाळ

रजा टाकली आहे.

वास्तविक त्या उताराचा कोन चुकीचा आहे. रिंकवाल्यांच्या हे लक्षात आणून द्यायला हवं. शिवाय शेवटचा नंबर देणंही योग्य नव्हतं, तोवर फरशी गुळगुळीत झालेली असते.

रात्रभर ती उशीवर हात ठेवून झोपली होती. मी दोनदा जाऊन बघून आलो. मेव्हणा सकाळीच येऊन गेला, गार्ड टेबलावर ठेवून गेला.  

आता तिला वेणी घालायची आहे. एका हाताने तिला ती घालता येत नाही. मी म्हटलं, मी घालतो. ती माझ्यासमोर पाठ करून बसली. केसांचे तीन भाग केले, ते धरले, मग पुढे काय करायचं ते कळेना. माझे दोन्ही हात धडधाकट आहेत. साधं खरचटलेलंसुद्धा नाही.

 मग तिने आईला हाक मारली.